थर्माकोलच्या खोक्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे. निम्मा खोका म्हणा हवे तर. माझे दोन कोपरे, अर्धे झाकण आणि एक अख्खी बाजू गोकुळदास नावाच्या माणसाने मोडून मोडून संपवली. त्याचा सूड मी कसा घेतला, ते आज सांगणार आहे. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बारीक मण्यांवर गरम वाफ सोडली, ते फुगले, एकमेकांना घट्ट चिकटले आणि मी तयार झालो. तिथून मी गोव्यात, केरी गावी रुक्मिणीकडे आलो. ती सकाळी किनाऱ्यावर बांगडे, तारले घ्यायची, बर्फ घालून माझ्यात रचायची आणि पेडण्याच्या बाजारात विकायला बसायची. भर दुपारी झाकण उघडले तरी आतला बर्फ टणक असे. "माझो खोको म्हणजे फ्रीज!" असे ती शेजारणींना ऐकवायची. मला माशांचा वास येई, पण त्या वासाचाही मला अभिमान होता.

रुक्मिणीचे गुडघे मात्र दुखू लागले होते. बुटक्या पाटावर दिवसभर पाय दुमडून बसायचे म्हणजे दुसरे काय होणार? इस्पितळात व्यायाम शिकवणारी क्षमा नावाची मुलगी होती. रुक्मिणी तिला म्हणाली होती, "माका धावाक नको, डोंगर चडाक नको. बाजारात बसलंय की माझी मी उठाक होया. माझी जागा माका सोडूची नाय." क्षमाने पाट बंद करायला लावून स्टूल घ्यायला सांगितले आणि एक साधा व्यायाम दिला. खुर्चीवर बसायचे, पाय सरळ उचलायचा, जरा धरायचा, हळू खाली आणायचा. रुक्मिणी कुरकुरत करायची, पण करायची. हळूहळू तिला फरक पडू लागला. कुणाचा हात न धरता ती उठू लागली.

आणि मग गोकुळदास आला.

हा रुक्मिणीचा चुलत दीर, डिचोलीला राहणारा. खनिजाच्या ट्रकावर त्याने अर्धे आयुष्य काढले. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा तो ओमेगाच्या, म्हणजे मासळीच्या तेलाच्या, कॅप्सूल विकू लागला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग आणि तोंडात साखर.

"वयनी, ट्रकाक ग्रीस नाय घातला तर सांधे वाजतत काय नाय? गुडघो तसोच. सुकी हाडां व्यायाम करून कित्याक घासतंस? हाडांक त्याल होया, त्याल!"

असे म्हणून त्याने मला न विचारता, न सांगता माझा कोपरा काडकन मोडला. तुकडा ताटलीत ठेवला, कात्रीने कॅप्सूल कापली आणि आतले तेल त्यावर पिळले. माझा तुकडा बघता बघता खचला आणि चिकट लगदा झाला. माझ्या डोळ्यांदेखत! खोक्याला डोळे नसतात म्हणणाऱ्यांनी तो दिवस बघायला हवा होता.

"बघलंस? थर्माकोल विरघळता, मगे सांध्यातलो कचरो उरतलो खय? आणि एक ध्यानात ठेव. जा विरघळयता ता असली, नाय विरघळयणा ता नकली!"

रुक्मिणीचे डोळे विस्फारले. तिने कॅप्सूल सुरू केल्या आणि व्यायाम सोडला. माझे झाकण आता नीट बसत नव्हते, बर्फ वितळू लागला होता. तिने प्लास्टिकचा नवा खोका आणला. गोकुळदासने ही संधी सोडली नाही. "मोडको खोको माका दी, दाखवूक बरो," तो म्हणाला. मोडला कुणी, ते कुणी विचारले नाही.

तेव्हापासून मी त्याच्या स्कूटरच्या मागे बांधलेला. गावोगाव फिरलो, कधी मांद्रे, कधी धारगळ, कधी साखळी. जिथे चार माणसे जमली तिथे माझा लचका तोडला जाई. प्रत्येक वेळी तीच ताटली, तेच तेल, त्याच टाळ्या. मी मनात एकच घोकत होतो, गोकुळदास, तुझी अशी फजिती करीन की तुला तोंड लपवायला जागा मिळणार नाही. एकदा पेडण्याच्या बाजारावरून जाताना मी रुक्मिणीला पाहिले. ती उठत होती, शेजारणीच्या खांद्यावर सगळा भार टाकून. माझा राग दुप्पट झाला. माझे तुकडे दाखवूनच तर तिला फसवले होते!

शेवटी डिचोलीच्या एका हॉलमध्ये मोठी सभा ठरली. ट्रक चालवून पाठी-गुडघे गेलेले ड्रायव्हर आले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या. पहिल्या रांगेत रुक्मिणी होती. तिने उठून आपला अनुभव सांगायचा, असे गोकुळदासने परस्पर ठरवून टाकले होते.

गोकुळदासने माझा तुकडा मोडला, कॅप्सूल कापली, तेल पिळले. सगळे माना उंचावून बघू लागले.

माझा तुकडा तसाच पांढरा, तसाच ताठ. त्या आठवड्यात त्याच्याकडे नवा माल आला होता, त्यातले तेल वेगळ्या जातीचे होते. गोकुळदासने दुसरी कॅप्सूल कापली, मग तिसरी. तुकडा तेलात मजेत बसून राहिला. मित्रांनो, इतका आनंद मला बर्फाने भरलेला असतानाही कधी झाला नव्हता.

"गोकुळदासा," मागून बाबली ओरडला. तो त्याचाच जुना जोडीदार, खाणीवरचा ड्रायव्हर. "नाय विरघळयणा ता नकली, असा तूच सांगलंस मरे?"

हॉलमध्ये हशा पिकला. बाबली आता पेट्रोल आणायलाच निघाला.

"माझ्या स्कूटरीतला पेट्रोल हाडू? त्येना बेगीन विरघळात! मगे वाटी वाटी पेट्रोलच पिऊया!"

गोकुळदासला घाम फुटला. त्याने घाईघाईने रुक्मिणीकडे हात केला. "वयनी, उठ! तुझे गुडघे कसे बरे झाले ता सांग ह्यांका!"

रुक्मिणीने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. ती अर्धी उठली आणि मागे बसली. पुन्हा जोर दिला. पुन्हा बसली. हशा थांबला. दोन बायकांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला उभे केले, तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती फक्त एवढेच म्हणाली, "व्यायाम सोडलंय थय माझा चुकला." हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही.

तिने मला घरी आणले आणि ती पुन्हा क्षमाकडे गेली. क्षमाने सांगितले ते तिने घरी येऊन सांगितले. मासळीचे काही तेल थर्माकोल विरघळवते, काही नाही. त्यावरून गुडघ्याचे काहीच कळत नाही. ओमेगा बांगड्यातही असते. कुणाला कॅप्सूल हवी का, ते डॉक्टरांनी ठरवायचे. व्यायामाची जागा मात्र ती घेत नाही.

महिन्याभराने गोकुळदास माफी मागायला आला. रुक्मिणीने त्याला मुद्दाम बुटक्या पाटावर बसवले, चहा दिला आणि म्हणाली, "आता उठ."

तो उठेना. क्लच दाबून दाबून त्याचेही गुडघे गेले होते.

"तू त्याल पिलंस नाय?"

"पिलंय गे वयनी," तो मान खाली घालून म्हणाला. "दोन वर्सां."

तिने हात देऊन त्याला उठवले, खुर्चीवर बसवले आणि फर्मावले, "पाय वर कर. धर. सोडू नको!" आता तो दर रविवारी येतो, पाय उचलतो आणि "आई गे" म्हणून ओरडतो. मी कोपऱ्यातून बघतो. मला त्याची दया येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी ताटली, कात्री आणि चमत्कार घेऊन आला, तर टाळ्या वाजवू नका. त्याला आधी विचारा, तुझे गुडघे कसे आहेत? रुक्मिणी अजून स्टुलावरून एका दमात उठत नाही. तिचे ते वाया गेलेले महिने तिला कुणी परत देणार नाही. आणि थर्माकोल कुजत नाही, हे गोकुळदासने विसरू नये.