सिब्रेनच्या सिनेमांना नावं मिळाली

मित्रांनो, वर्कुम गावात कालव्याच्या कडेला विटांचं एक बैठं घर आहे. त्या घरात टीव्हीखालच्या फळीवर बसून जो सतत बारीक घुरघुरतो, तो मी. मी एक जुना संगणक आहे. घरातले सगळे सिनेमे पोटात सांभाळायचे आणि कुणी मागितला की टीव्हीवर पाठवायचा, एवढंच माझं काम.

मला सिब्रेनने स्वतःच्या हाताने जुळवलं. तो गावातला पूल उघडायचा. होडी आली की पूल वर, होडी गेली की खाली. हिवाळ्यात होड्या कमी असायच्या, तेव्हा तो घरी बसून जुन्या तबकड्यांवरचे सिनेमे माझ्यात उतरवायचा. संध्याकाळी शेजारी यायचे, कॉफीबरोबर साखरपाव खायचे आणि म्हणायचे, "सिब्रेन, तुझ्याकडे नाही असा सिनेमाच नाही." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

नावं ठेवायची त्याची रीत मात्र अजब होती. एका सिनेमाचं नाव "लाल कोट", दुसऱ्याचं "शेवट रडका", तिसऱ्याचं "चित्स्के झोपली". चित्स्के म्हणजे त्याची बायको. फोल्डरांची नावं "नवीन", "आणखी नवीन" आणि "नंतर बघू".

"अरे, तुझ्याशिवाय यातलं काही सापडायचं का कुणाला?" ती विचारायची.

"मी आहे ना शोधून द्यायला," तो म्हणायचा.

मग एका वसंतात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. रुग्णालयातून तो स्वतःच्या पायांनी घरी आला, पण शब्द मागेच राहिले. त्याला सगळं कळायचं. बोलायला जावं तर भलतेच आवाज निघायचे. अक्षरंही लागेनाशी झाली. टीव्हीवर माझी यादी उघडली की तो तिच्याकडे नुसता बघत राहायचा. चित्स्के अंदाजाने एखादा सिनेमा लावायची, तो मान हलवायचा, ती दुसरा लावायची. एकदा त्याने वैतागून रिमोट भिरकावला आणि तोंड भिंतीकडे करून बसला.

त्यानंतर मला कुणी हाक मारली नाही. माझ्यावर धूळ साठली. वर जिरेनियमची कुंडी आली, आणि तिचं पाणी कधी कधी माझ्या अंगावर झिरपायचं. मला वाटलं, संपलं आपलं.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी बाउके खोनिंगेन शहरातून राहायला आली. तिने कुंडी उचलली, मला पुसलं आणि म्हणाली, "आई, हे भंगार काढून टाकू. नवं काहीतरी घेऊन देते मी."

"त्या नव्यात त्याचे सिनेमे असतील का?"

"हे नसतील. दुसरे असतील."

"मग तुझं नवं राहू दे तुझ्याकडेच," चित्स्के म्हणाली. "मला एवढंच सांग, सिब्रेनला वाचता येत नाही, तर तो निवडणार कसा?"

बाउकेने कीबोर्ड पुढे ओढला. मग तिने "लाल कोट" उघडला, सुरुवातीच्या पाट्यांत सिनेमाचं खरं नाव वाचलं, त्या सिनेमासाठी वेगळं फोल्डर केलं आणि त्यावर नाव आणि शेजारी साल लिहिलं. मित्रांनो, एवढं केलं की मला काम सोपं जातं. मी इंटरनेटवरून त्या नावाचं पोस्टर शोधून आणलं आणि टीव्हीवर लावलं. बर्फात उभी असलेली लाल कोटातली बाई दिसली. सिब्रेन खुर्चीतून उठला, टीव्हीजवळ गेला आणि त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

"बाबांना वाचायची गरजच नाही," बाउके हळूच म्हणाली.

सुट्टी संपून ती गेली, आणि काम चित्स्केने हातात घेतलं. आजवर तिने मला फक्त फडक्याने पुसलं होतं. आता ती रोज सकाळी सिब्रेनला शेजारी बसवायची, एकेक सिनेमा उघडायची, पाट्या वाचायची. पाट्या कापल्या गेल्या असतील तर नटांची नावं आठवायची. ती बरोबर बोलली की तो तिच्या हातावर थोपटायचा. "चित्स्के झोपली" उघडल्यावर ती म्हणाली, "हा मी मुळीच झोपून काढला नव्हता." सिब्रेनने भुवया उंचावल्या. "बरं, थोडासा," ती म्हणाली.

एकदा तिने साल चुकीचं लिहिलं. तो सिनेमा एका गरीब पाद्र्याचा होता, पण त्याच नावाचा दुसरा एक निघाला, आणि मी पोस्टर आणलं आठ हातांच्या हिरव्या राक्षसाचं. सिब्रेन पोट धरून हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. चित्स्केने साल दुरुस्त केलं, पण लगेच नाही. राक्षसाला तिने आठवडाभर तसंच राहू दिलं.

थंडी सुरू होईपर्यंत सगळे सिनेमे आपापल्या जागी लागले. बाउके पुन्हा आली. वाटाण्याचं दाट सूप झालं, आणि चित्स्केने हातात रिमोट घेऊन स्वतःच्या आवडीच्या, लग्नाच्या गोष्टीचं पोस्टर समोर आणलं.

"हा लावू?"

"नको," सिब्रेन म्हणाला.

चित्स्के गर्रकन त्याच्याकडे वळली.

"काय म्हणालास?"

"नको." अगदी स्पष्ट, आणि थोडा चिडूनच.

चित्स्केचे डोळे भरले. "बाउके, ऐकलंस? मला नको म्हणाला."

"अगं, रडतेस काय? झिडकारलं त्यांनी तुला."

"झिडकारू दे," ती म्हणाली आणि पुढचं पोस्टर आणलं. "मग हा?"

"नको."

"हा?"

"नको." आपल्या तोंडून शब्द निघतोय, हे आता त्याच्याही लक्षात आलं होतं. तो हसत हसत प्रत्येकाला नको म्हणत गेला, आणि ती मुद्दाम त्याला न आवडणारे सिनेमे शोधून दाखवत राहिली. त्या दिवशी मी एकही सिनेमा दाखवला नाही, आणि तरी इतकं भरलेलं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, मी आता थकलोय. बाउकेने माझ्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलंय, त्यामुळे मला स्वतःची काळजी नाही. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरातही कुणीतरी आवडीने काही साठवत असेल. सिनेमे असोत, फोटो असोत, गाणी असोत. एक दिवस त्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "हे काय आहे?" सांगणारा समोर असतानाच नावं लिहून घ्या. काम रेंगाळलं तरी चालेल. खुर्ची मात्र आजच ओढा.