सुटलात म्हणायचं राहिलं

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमचा धाकटा भाऊ एका काळ्या डबीत अडकलाय आणि घरात हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. काय कराल?

डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या ठकूवर ही वेळ आली. साल बासष्ट, भात झोडणीचे दिवस. ठकू नऊ वर्षांची होती.

शहापूरचा नथू फोटोवाला वर्षातून एकदा पाड्यावर यायचा. तीन पायांच्या घोडीवर पेटीएवढा कॅमेरा, वर काळं फडकं. माणसांना ओळीत बसवून तो भिंगावरचं झाकण काढायचा, तीन आकडे मोजून परत लावायचा आणि ओरडायचा, "सुटलात!" मग सगळे कोंडलेला श्वास सोडायचे. पोरांची खात्रीच होती, झाकण निघालं की माणूस पेटीत जातं आणि ‘सुटलात’ म्हटलं की परत येतं.

यंदा नथूच्या खांद्याला ती पेटी पेलेना. तो गळ्यात ओंजळीत मावेल एवढा कॅमेरा अडकवून आला. ना घोडी, ना फडकं. ठकूचा भाऊ बुध्या, तीन वर्षांचा, खळ्यावर कोंबडीमागे धावत होता. नथूनं कॅमेरा रोखला. खट्!

"झालं. आज मुक्काम शेणव्याला, उद्या मुरबाड," असं म्हणत तो वाटेला लागला.

ठकू त्याच्या पाठीकडे बघत राहिली. ‘सुटलात’ काही तो म्हणाला नाही.

सकाळी बुध्या तापानं फणफणला होता. डोळे उघडे, पण हाक मारली तरी बघेना. "याचा जीव इथं नायच गो," आई रडवेली झाली. जीव कुठं आहे ते ठकूला ठाऊक होतं, आणि तो आज मुरबाडला चालला होता.

ती कुणाला न सांगता निघाली. रानातून शेणव्यापर्यंत एकटी ती कधी गेली नव्हती. सागाची वाळकी पानं पायाखाली वाजत, तेव्हा मागून कुणी येतंय असं वाटे. तिनं मागं पाहिलं नाही.

नथू चहाच्या टपरीवर एसटीची वाट बघत बसला होता. कॅमेरा शेजारी बाकावर. ठकूनं झडप घालून तो उचलला आणि बाजूच्या कडीत नख घातलं.

"अगो, उघडू नको!" नथू ओरडला. "उजेड शिरला तर आतलं सगळं जाईल! काय उरणार नाय!"

ठकूचं नख तिथंच थांबलं. उघडलं तर बुध्या जाणार, नाही उघडलं तर मुरबाडला जाणार.

"बुध्या हाय आत," ती कशीबशी म्हणाली. "तुमी ‘सुटलात’ म्हनलाच नाय. ताप भरलाय त्याला. आमाला वळखत नाय."

टपरीवाला धाकलू खदखदला. "घ्या नथूदादा! एवढ्याशा डबीत आख्खा पोर!"

नथू हसला नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "पोरी, आत नुसती फिल्मची पट्टी हाय. बुध्याच्या अंगावरचा उजेड तिच्यावर पडला, तेवढाच आत आला. बुध्या घरीच हाय. ताप त्याला निराळ्याच कशानं आलाय, तो ताप मला साधा वाटत नाय. पण रोजचा शब्द मी गिळला, ही चूक माझी."

रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. नथूनं तिकडं पाहिलंही नाही. "मी डॉक्टरांना घेऊन मागोमाग येतो. तू पुढं हो. त्याला घोट घोट पानी पाज. आन कॅमेरा दे."

ठकूनं कॅमेरा दिला नाही. आधी तिनं त्याच्या भिंगावर आपला तळवा झाकणासारखा घट्ट दाबला. तीन आकडे मोजले. मग पाड्याच्या दिशेला तोंड करून, घसा फाटेस्तोवर ओरडली, "सुटलास रे बुध्याऽऽ!"

आणि कॅमेरा नथूच्या हातात ठेवून ती रानाच्या वाटेनं धावत सुटली.