करड्या मानेचा कावळा

ताटली रिकामी होती – पांढऱ्या एनॅमलची, कडेचा टवका उडालेली, दोन घरांमधल्या मागच्या भिंतीवर ठेवलेली – आणि तिच्यात रात्रीच्या पावसाचं बोटभर पाणी साचलं होतं. कावळा कडेवर बसून पाण्यात बघत होता, मग शेजारी एर्विनच्या खिडकीकडे, मग पुन्हा पाण्यात. एर्विन गेल्या आठवड्यात गेला, हे त्याला कोण सांगणार. प्रल्हादने कप धुतला आणि वरच्या कपाटात ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बायकोचा, वासंतीचा हात पोचत नसे म्हणून हे प्रेस एर्विननेच खाली घेऊन दिलं होतं. नव्वदी उलटलेला माणूस, जन्मभर सुतारकाम केलेला, दातांत स्क्रू धरून स्टुलावर उभा, आणि वासंती खालून म्हणत होती, सांभाळून हो, मी नर्स आहे, पण आज माझी सुट्टी आहे.

अकराला एर्विनची शवगाडी येणार होती.

साथ आल्यापासून मयताला दहाच माणसांना परवानगी, म्हणून वॉटरफोर्डच्या या गल्लीत ज्याने त्याने आपापल्या फाटकाशी उभं राहायचं. शवाची गाडी हळू जाते, माणसं मान खाली घालतात, संपलं. गेल्या एप्रिलमध्ये वासंती अशीच गेली. तिला कॅन्सर होता, पण नियम सगळ्यांना एकच. प्रल्हाद मागच्या गाडीत एकटाच होता; मुलगी क्षितिजा दूर टॅला गावी प्रवासबंदीत अडकलेली. काचेतून त्याला दिसलं – समोरची ब्रीडा छातीवर क्रूसाची खूण करत होती, आणि एर्विन, पंच्याण्णव वर्षांचा, भुरभुर पावसात टोपी काखेत धरून, उघड्या डोक्याने, दुसऱ्या हाताने फाटकाला धरून उभा होता. गाडी वळेपर्यंत हलला नाही. लग्नाला नाही गेलं तरी चालतं, पण आपल्या मयताला जो आला त्याच्या मयताला जावंच लागतं... असं वासंती म्हणायची, आणि हॉस्पिटलची ड्यूटी बदलून जायची.

बेल वाजली. ब्रीडा दोन हात लांब उभी होती, मास्क हनुवटीवर.

"आज पडदे बंद, प्रल्हाद. अख्ख्या गल्लीचं ठरलंय. एर्विनचा पुतण्यासुद्धा येत नाहीये. तू चांगला माणूस आहेस, म्हणून आधीच सांगते."

"चांगल्या माणसांना आधी सांगावं लागतं का?"

"त्यांनाच लागतं. तुझी बायको असती ना, तर तिने त्या डुकराला चहासुद्धा नेऊन दिला असता. मग? ग्रँड?"

"ग्रँड," तो म्हणाला. इथे या शब्दाने काहीही मिटवता येतं.

दार लावून तो पुन्हा स्वयंपाकघरात आला. कावळा तिथेच. इथले हे कावळे लहान, मान करडी, अगदी आपल्याकडच्यासारखी. डोळे मात्र पांढुरके... वासंतीच्या दहाव्याला या भिंतीवरच पिंड ठेवला होता. गुरुजी पुण्याहून मोबाइलवर. कावळा शिवेना. प्रल्हाद सांगत राहिला – क्षितिजाला एकटं पडू देणार नाही, तुझी गुलाबाची झाडं जगवीन, औषधं वेळेवर घेईन, अगं, भांडीसुद्धा रात्रीच घाशीन – कावळे समोरच्या धुराड्यावर बसून बघत होते. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा. वॉटरफोर्डात दर्भ कुठला? तेवढ्यात भिंतीपलीकडून एर्विनने विचारलं, "कशाची वाट बघतोयस?"

"कावळ्याची. त्याने खाल्लं म्हणजे तिचं काही राहिलं नाही."

म्हातारा हसला नाही. "तू इथे उभा आहेस तोवर तो येणार नाही. आत जा. खिडकीशी उभा राहा. सगळं नीट होईल."

त्याचा आवाज मऊ होता. मऊ म्हणजे... त्या दहा दिवसांत फोनवर सगळे मोठ्याने बोलले होते, आणि हा एकच आवाज असा होता की ऐकावासा वाटला. प्रल्हाद आत गेला. म्हाताऱ्याने जीभ टाळूला लावून दोनदा टक्-टक् केलं, चमच्याने ताटली वाजवली, आणि धुराड्यावरून एक कावळा सरळ उतरला नि भात घेऊन गेला. एर्विनने खिडकीकडे बघून हात वर केला. प्रल्हाद ओट्याला धरून रडला, वासंती गेल्यावर पहिल्यांदा. गुरुजींना सांगितलं, शेजाऱ्याचा पाळल्यासारखा कावळा आहे, चालेल का? ते म्हणाले, कावळा कोणाचा नसतो.

त्या वाक्यावर सहा महिने काढले.

ऑक्टोबरमध्ये गल्लीत टीव्हीची गाडी आली. जर्मनीत खटला उभा राहत होता. पोलंडमधल्या एका छावणीत, जिथे माणसं मारण्यासाठीच आणत, तिथे एर्विन पहारेकरी होता. गाडी गेल्यावर प्रल्हादने भिंतीवरून विचारलं, खरं आहे का. वाटलं होतं, नाही म्हणेल. एर्विन ताटली पुसत होता.

"खरं आहे. एकोणीस वर्षांचा होतो. शेतावरून आलेलो. माझा आवाज मऊ म्हणून मला अंगणात ठेवलं, जिथे ते कपडे उतरवायचे. मी सांगायचो, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवा, म्हणजे आंघोळीनंतर जोडी सापडेल. लहान मुलांना गाठ येत नसे. त्यांना मी बांधून द्यायचो."

"आणि आंघोळ?"

"आंघोळ नव्हती." त्याने फडकं झटकलं. "आत जाताना माझ्या दाराशी कोणी ओरडायचं नाही. माझं काम तेवढंच. रविवारी सुट्टी असली की मासे धरायला जायचो. झोप लागायची. चौकशीवाल्यांना तेच आवडत नाही."

मग तो म्हणाला, आज रात्री पाणी गोठेल, आणि ताटली आत घेऊन गेला. त्यानंतर प्रल्हाद त्याच्याशी बोलला नाही. खटला उभा राहण्याआधीच एर्विन झोपेत गेला.

फोन थरथरला. क्षितिजा.

"बाबा, डोन्ट यू डेअर. ब्रीडाने मेसेज केलाय मला. ही किल्ड चिल्ड्रन."

"मला माहीत आहे गं. मला त्यानेच सांगितलंय."

"देन व्हॉट इज देअर टू थिंक अबाउट?"

"तो तुझ्या आईसाठी उभा राहिला होता."

 मग मराठीत म्हणाली, जी ती एरवी बोलत नाही, "आईला चाललं असतं का?"

कोणतं – जाणं की न जाणं? त्याने विचारलं नाही. फोन ठेवला. तो दाराजवळच्या बाकावर बसला, एक बूट चढवला, दुसरा हातात घेतला, आणि नाडी बोटांत तशीच राहिली. आत जा, सगळं नीट होईल. त्या अंगणातही तोच आवाज, तेच शब्द असतील का? आणि मी गेलो होतो. बरं वाटलं म्हणून गेलो होतो. त्यांनाही क्षणभर बरं वाटलं असेल, कोणीतरी हळू बोलतंय म्हणून... मग वासंतीचं काय? तिचं सुटणं त्या आवाजाने झालं असेल, तर ते सुटणं मी आता परत कुठे नेऊन ठेवू? गुरुजी, कावळा कोणाचा नसतो, पण हाक तर कोणाची तरी असते.

बाहेर इंजिनाचा आवाज आला. हळू. शेजारच्या फाटकाशी थांबला. इथली रीत आहे, गाडी मयताच्या घरापुढे मिनिटभर थांबते. दाराच्या काचेतून समोरच्या ओळीतले पडदे दिसत होते, सगळे ओढलेले. एक कुत्रासुद्धा भुंकला नाही. मयताला शिक्षा म्हणून गल्लीने ही शांतता ठरवली होती, आणि प्रल्हादला एकाएकी वाटलं, शांतता तर एर्विनला नेहमीच हवी होती. आपल्या दाराशी कोणी ओरडू नये, तेवढंच तर त्याचं काम होतं. आज आपण सगळे मिळून त्याचं काम करतोय. आणि मी फाटकाशी मान खाली घालून उभा राहिलो तर तेही तेच.

तो उठला. एका पायात बूट, एका पायात मोजा. मागे ताटलीवर चोच आपटल्याचा आवाज झाला. त्याचा हात कडीवर होता आणि घशात काहीतरी वर येत होतं – रडणं नव्हतं, रडणं त्याला आता ओळखता येत होतं – ओरडण्याएवढं मोठं होतं, आणि मऊ तर मुळीच नव्हतं. ते कोणासाठी आहे, त्या अंगणातल्या माणसांसाठी की वासंतीसाठी की स्वतःसाठी, हे त्याला कळत नव्हतं. तोंड उघडेपर्यंत कळणारही नव्हतं.