‘चालेल’ची दोन वर्षं

फॉर्म भरायला बाबांनी दाढेला बसवलं, कारण घरात तिचंच अक्षर लोकांना वाचता यायचं. दाढ म्हणजे अक्कलदाढ. घरातलं शेंडेफळ, सगळ्यांत उशिरा आली आणि येताना सगळ्यांना ठणकावून आली, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. आत्याला अशीच नावं सुचायची, कारण आत्या कवळ्या बनवायची. घराच्या तळमजल्यावर तिचा कारखाना होता. दोन टेबलं, प्लास्टरची पोती, मेण वितळवायचा दिवा आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. पहिल्यांदा येणारा पाहुणा तिथे हमखास दचकायचा.

“लिही,” बाबा म्हणाले. “ऑपरेशननंतर स्वभावात बदल: हो. चिडचिड: हो. पुढे कंसात ‘खूप’ लिही.”

“कंसाला जागा नाहीये.”

“मग समासात लिही. हट्टीपणा: हो. वाद घालणे: हो, हो. पूर्वीचा स्वभाव...” बाबांनी छताकडे पाहिलं. “शांत, समजूतदार, सगळ्यांशी जुळवून घेणारा.”

दाढेचं पेन हवेतच राहिलं. “बाबा, कुठल्या आत्याबद्दल बोलताय?”

“तुला किती आहेत? लिही मुकाट्याने. उद्या सहा महिन्यांची तपासणी आहे. डॉक्टर एखादी डोकं शांत ठेवायची गोळी लिहून देतील. तीही सुखी, आपणही सुखी.”

बाबा डोक्यावरच उभे होते. दाढेने लिहिलं. वळणदार अक्षरात, ओळीसुद्धा न सोडता लिहिलं, आणि लिहिताना तिच्या तळपायाची आग जी निघाली ती थेट मस्तकात जाऊन बसली.

झालं होतं ते असं. सात-आठ महिन्यांपूर्वी आत्या मेणात दात बसवत होती आणि उजव्या हाताची बोटं एकदम मेल्यासारखी झाली. दहा मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. मग तपासण्या, फोटो, पुन्हा तपासण्या. मेंदूला रक्त नेणारी डावीकडची वाहिनी आतून पार अरुंद झालेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे काही आजचं नाही. यांचा मेंदू निदान दोन वर्षं अर्धपोटी काम करतोय.” मग त्यांनी कानाच्या वर, कातडीखालून जाणारी एक वाहिनी घेतली आणि कवटीला खिडकी पाडून ती आतल्या वाहिनीला शिवली. मेंदूला नवा रस्ता!

पहिला महिना भयंकर गेला. आत्या चमच्याला चावी म्हणायची, एकच साचा तीनदा पुसायची आणि मधेच रडायची. मग हळूहळू, फुलपात्रात थेंब थेंब पाणी साठावं तसे शब्द परत आले. शब्दांपाठोपाठ आठवण आली. आणि आठवणीपाठोपाठ, गाजावाजा करत, राग आला.

कारण आत्याला फळीवर काय दिसलं? सगळ्या कवळ्यांचे दात एकाच रंगाचे. पूर्वी ती प्रत्येकाच्या चेहऱ्याशी रंगांची पट्टी धरायची. चहा पिणाऱ्याचे वेगळे, सत्तरीतल्याचे वेगळे. आता सगळ्यांना एकाच डब्यातले पांढरेशुभ्र.

“म्हातारा हसला की वाटेल, कोणी बटण दाबलं!” ती ओरडली. “हे कोणी ठरवलं?”

“ताई, तुला विचारलं होतं,” बाबा म्हणाले. “तू ‘चालेल’ म्हणालीस.”

“मी?”

“तूच. त्या वर्षांत तू सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणायचीस.” आणि वर म्हणतात कसे, “किती छान झाली होतीस!”

दुसऱ्या दिवशी आत्याने अकरा कवळ्या परत टेबलावर आणल्या. तेव्हापासून घरात एकच पालुपद: ऑपरेशनने ताईचं डोकं फिरलं. आईसुद्धा कुजबुजायची, “आधी कशी गरीब गाय झाली होती!” दाढेला वाटायचं, किंचाळावं. माणूस आजारी होतं, तेव्हा तुम्हाला आवडलं?

फॉर्म पिशवीत गेला आणि दाढ खाली कारखान्यात गेली. आत्या दिव्याशी वाकून बसली होती. ऑपरेशनच्या जागी उगवलेले आखूड केस ब्रशसारखे ताठ उभे होते.

“ते दे गं. ते... दोन पायांचं.”

“चिमटा.”

“सांगू नकोस!” आत्याने टेबलावर थाप मारली. “येत होतं ते. सगळे माझ्या तोंडात शब्द कोंबतात. मला वेळ द्या, शब्द देऊ नका!”

“सॉरी.” दाढेला फॉर्मबद्दल सांगायचं होतं. नजर चोरायला तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळ्याला चिठ्ठ्यांची तार लोंबत होती. बाबा, म्हणजे आत्याचा छोट्या, कवळी करायचे, आत्या तपासायची, चिठ्ठी लिहायची आणि काम संपलं की चिठ्ठी तारेत खोचायची. खाली जुन्या, वर नव्या. वर्षानुवर्षं कोणी ती तार उतरवली नव्हती.

“आत्या, मी ही वर नेऊन वाचू?”

“ने. धूळ झटक.”

दाढेने तळापासून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच चिठ्ठीला तिला हसू फुटलं. ‘छोट्या, हा दात घोड्याचा आहे. गिऱ्हाईक माणूस आहे.’ त्यावरची: ‘वरचा जबडा खालच्याशी बोलत नाही. त्यांची ओळख करून दे.’ त्यावरची: ‘याने बाई जेवणार कशी? तू घालून दाखव.’ पन्नास, साठ, शंभर चिठ्ठ्या, एकही गुळमुळीत नाही! मग वर वर जाता जाता ओळी आखूड झाल्या. ‘डावीकडे बघ.’ ‘बरं आहे.’ मग ‘चालेल’. पुन्हा ‘चालेल’. ‘चालेल’, ‘चालेल’, बोटभर जाडीची ‘चालेल’ची थप्पी. त्यावर काही कोऱ्याच चिठ्ठ्या, नुसती तारीख घातलेल्या. ऑपरेशननंतरची एकही नाही; आता आत्या तोंडीच ओरडायची.

दाढेचं हसणं कधी थांबलं ते तिला कळलंच नाही. एक माणूस भरदिवसा, सगळ्यांसमोर, चिठ्ठी चिठ्ठी करून विझत गेलं होतं, आणि अख्खं घर म्हणत होतं, किती निवळली!

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आत्याची परीक्षा घेतली. आकडे उलटे म्हणायला लावले. आत्याने धडाधड म्हटले. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने विचारले तर तीन आले. चौथ्यासाठी आत्या कपाळाला आठ्या घालून बसली. बाबांचे ओठ हलले.

“छोट्या, ओठ मिट,” आत्या म्हणाली.

“बघा!” बाबा डॉक्टरीणबाईंना म्हणाले. “हे असं. फॉर्ममध्ये सगळं लिहिलंय.”

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला. “पूर्वी शांत, समजूतदार. आता चिडचिड, समासात ‘खूप’. हं. झोप लागते का यांना?”

“लागते,” बाबा म्हणाले.

“उगाच रडू येतं?”

“आता नाही येत.” तेही बाबाच.

दाढेच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली, खुर्ची मागे आपटली. “तो फॉर्म माझ्या अक्षरात आहे आणि खोटा आहे!” तिने दप्तरातून तार काढली आणि टेबलावर ठेवली. प्लास्टरची पांढरी भुकटी डॉक्टरीणबाईंच्या कागदांवर उडाली. “आत्या पूर्वी कशी होती ते इथे आहे. खालून वर वाचा.”

“अगं, कचरा काय आणलास!” बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. घोड्याच्या दातापाशी त्या खुदकन हसल्या. ‘चालेल’पाशी त्यांनी चष्मा काढला, तारखा पुन्हा पाहिल्या आणि आत्याकडे वळल्या.

“हल्ली तुम्हाला राग येतो?”

“येतो हो, फार...” बाबा सुरू झाले.

“प्रश्न मला आहे.” आत्याने शब्द गोळा करायला वेळ घेतला. कोणी मधे बोललं नाही. “येतो. दोन वर्षं माझ्या खुर्चीत दुसरीच बाई बसून ‘हो, हो’ म्हणत होती. आणि यांना ती आवडली. माझ्यापेक्षा जास्त. मला राग येऊ नये?”

“मला वाटलं, वयाने निवळलीस,” बाबा हळूच म्हणाले.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अशा ऑपरेशननंतरची चिडचिड कधी कधी दुखण्याचा भाग असते. म्हणून मी विचारणार, पण यांनाच विचारणार.” आणि त्यांनी झोप, डोकेदुखी, रडू, सगळं पहिल्यापासून विचारलं. आत्याने सावकाश, चाचपडत, पण स्वतः सांगितलं. शेवटी त्यांनी तो फॉर्म आणि सोबत एक कोरा दाढेकडे सरकवला. “गोळी आज नाही. तीन महिन्यांनी शब्दांची परीक्षा पुन्हा. आणि हा फॉर्म नवा भरून आणा. ‘पूर्वी’ म्हणजे आजाराच्या आधी.”

घरी येताना दाढ नुसती तरंगत होती. काय बोललो आपण! काय खुर्ची आपटली!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दप्तरावर जुना फॉर्म होता आणि त्याला टोचलेली चिठ्ठी. ‘साचा’ लिहून खोडलेलं, ‘कागद’ लिहून खोडलेलं, मग ठळक ‘फॉर्म’.

‘फॉर्म बघितला. अक्षर छान. लिहिताना हात का थांबला नाही? परत करते आहे. नीट करून आण.’

दाढेच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! आपण हिला वाचवलं, भर दवाखान्यात बाबांशी भांडलो, आणि हिला दिसलं काय, तर हे? ती दप्तर उचलून तावातावाने जिना उतरली. आत्याने मान वर केली नाही. बाबा शेजारी बसून, गालाशी रंगांची पट्टी धरून, आरशात स्वतःचे दात ताडून बघत होते.

“तुझे चहाचे आहेत,” आत्या त्यांना म्हणाली. “खालचा रंग.”

दाढ जिन्यात उभी राहिली. मग तिथल्याच पायरीवर बसली, दप्तरातला कोरा फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि ‘पूर्वीचा स्वभाव’पुढे लिहू लागली. ओळ संपली तरी ती थांबली नाही. उरलेलं समासात लिहिलं.