पंधराव्या खाचेवरचं बोट

मी काच बोलतेय. दचकू नका, आरपार दिसणाऱ्यांनाही चार गोष्टी सांगायच्या असतात. सध्या मी पुण्यातल्या एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकल विभागाच्या मंदाकिनी मॅडमच्या टेबलावर पहुडले आहे. खिडकीतून ऊन येतं, अंगभर पसरतं आणि मला पेंग येते. पेंगता पेंगता जे आठवतं ते सांगते.

भट्टीतलं मला काही आठवत नाही. आधी मी वाळू होते म्हणे. पहिलं आठवतं ते नारायण पेठेतल्या आप्पासाहेबांचं टेबल. निवृत्त कारकून होते ते. माझ्याखाली त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक आणि नातीचा फोटो ठेवला होता. चहाची कपबशी स्वतः माझ्यावर ठेवायचे आणि गोल डाग पडला की मलाच बोलायचे. सुखाचे दिवस होते हो ते!

त्यांच्या वरच्या खोलीत या कॉलेजची मुलं भाड्याने राहायची. एकदा त्यांनी काच मागितली. आप्पासाहेब म्हणाले, "नेताय, न्या. परत आणाल असा माझा गैरसमज नाही." आणि खरंच, मी परत गेले नाही.

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला एक मोठी शीट काढावी लागते. मोटरच्या पोटातली तांब्याच्या तारेची गुंडाळी कुठल्या खाचेतून निघते आणि कुठल्या खाचेत शिरते, त्याचं चित्र. चोवीस खाचा, चोवीस गुंडाळ्या, नुसतं तिरप्या रेघांचं जाळं. मोजून काढायला दोन दिवस लागतात. मुलं कशाला मोजतायत! दुपारी खिडकीला चादर लावून अंधार करायचा, मला दोन स्टुलांवर आडवं ठेवायचं, खाली बल्ब, वर सीनियरची शीट आणि तिच्यावर कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसतात, त्या गिरवायच्या. याला ग्लास ट्रेसिंग म्हणतात. पोरं नुसतं 'जीटी' म्हणतात. "जीटी मारली का रे?" "मारली." झाला अभ्यास!

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. पोटाला बल्बची ऊब, पाठीवर रेघांची रांगोळी. मी तिथेच झोपी जायचे. स्वप्नात त्या रेघांतून वीज वाहू लागायची आणि मोटर फिरायची, हळूहळू, स्वतःशीच गुणगुणत. फक्त दर फेरीला एका जागी तिला उचकी लागायची आणि मला जाग यायची. वाटायचं, बल्बचा चटका बसला असेल. मी, बल्ब आणि तीच एक मूळ शीट, असा आमचा संच दर वर्षी जुन्या मुलांकडून नव्यांकडे जायचा. अशी अकरा वर्षं गेली.

यंदा मी आमोदकडे आले. सगळ्या वर्गाने माझ्यावर शीट छापून घेतली. अगदी शेवटी, शुक्रवारी दुपारी, वैष्णवी आली. धायरीची पोरगी. तिचे वडील दशरथ, जळालेल्या मोटरी नव्याने भरून देतात. एक विषय राहिल्याने तिचं आधीच एक वर्ष वाया गेलं होतं. शनिवारी शीटवर मॅडमची सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे आणखी एक वर्ष पाण्यात. "माझा नंबर शेवटी का लावलास रे?" असं आमोदवर करवादतच ती कामाला लागली.

अर्धी शीट झाली आणि तिचं बोट थांबलं. तिने पुन्हा मोजलं. एक, दोन, तीन... पंधरावर पुन्हा थांबली.

"आमोद, ही नवव्या खाचेतली गुंडाळी पंधरात जायला हवी. ही सोळात गेलीय. प्रत्येक खाचेत गुंडाळ्यांच्या दोनच बाजू बसतात. इथे सोळात तीन झाल्या आणि पंधरात एकच."

"अगं यार, छाप ना गुपचूप! अकरा बॅच पास झाल्यात यावर."

"बाबांनी अशी मोटर भरली तर गिऱ्हाईक दारात आणून आपटेल."

"तुझी एकटीची वेगळी निघाली तर मॅडम सगळ्यांच्या तपासतील. आणि आधी तूच अडकशील, कळतंय का?"

तिच्या तळहाताचा घाम कागदातून मला जाणवत होता. सही तर तिलाच सगळ्यांहून जास्त हवी होती. बराच वेळ तिने पेन्सिल नुसती धरून ठेवली. मग खोडरबर घेतलं, सोळावरची रेघ पुसली आणि पंधरावर नेली. माझ्या अंगावर काटा आला. ती उचकी तिथलीच होती! इतकी वर्षं ती चूक माझ्याच अंगातून वर जात होती आणि मी मेली खुशाल झोपा काढत होते.

दुसऱ्या दिवशी आमोद धावत आला. मला चादरीत गुंडाळताना पुटपुटत होता, त्यावरून कळलं. मॅडमनी वैष्णवीची शीट बाजूला टाकली होती. "बाकी सगळ्यांचं एक आणि तुझं वेगळं. म्हणजे अख्खा वर्ग चुकला?" वैष्णवी म्हणाली, "हो मॅडम. मोजून बघा." मॅडम आमोदकडे वळल्या, "काच कुठे ठेवलीय? मीही याच कॉलेजात शिकलेय. आणा ती इथे."

ड्रॉइंग हॉलचे पडदे ओढले. माझ्याखाली बल्ब लागला. मॅडमनी शीटवर शीट ठेवून पाहिली. रेघेवर रेघ, केसाचाही फरक नाही. मग वैष्णवीची ठेवली. एकच रेघ वेगळी. मॅडम वाकल्या आणि बोटाने मोजू लागल्या.

"पंधरात एक," त्या म्हणाल्या. "सोळात तीन."

बोट तिथेच ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "अकरा वर्षं मी यावर सह्या करतेय. एकदाही मोजलं नाही."

त्यांनी वैष्णवीच्या शीटवर सही केली. बाकीच्यांना सांगितलं, सोमवारी नवी शीट, हाताने, मोजून. काच जप्त! रविवारी अख्खा वर्ग धायरीला दशरथांच्या दुकानात बसला होता म्हणे, आणि सगळ्यात पुढे आमोद.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दशरथना वर्गाला शिकवायला बोलावलं. ते आधी इथे, मॅडमच्या खोलीत आले, अवघडून उभे राहिले. माझ्याखाली तीच चुकीची मूळ शीट ठेवलेली. "बसा ना आपण," मॅडम म्हणाल्या. दशरथांनी माझ्यावर बोट टेकवलं, मोटरीच्या वार्निशने काळं झालेलं, आणि मोजत मोजत पंधरापाशी आले.

"एका घरात तिघं कोंबली आन् शेजारचं मोकळं ठिवलं, तर भांडण व्हनारच की मॅडम. मोटर जळनारच," ते हसले. मग माझ्यावर उमटलेला डाग दिसला तशी ओशाळून रुमाल काढू लागले.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "पुसू नका."

एरवी त्या मला दिवसातून दोनदा पुसतात. तो डाग अजून आहे, बरोब्बर पंधरावर. सहीला येणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणतात, "आधी तिथून पुढे मोज."

बाळांनो, माझ्याखाली पुन्हा दिवा लावायची वेळ आलीच, तर लावा बापडे. माझ्यातून उजेड जातो तशी चूकही जाते, मला तिला अडवता येत नाही. तेवढं तुम्ही बोट ठेवून मोजा. आता डोळा लागतोय माझा. मोटर फिरतेय बघा, गुणगुणत. पंधरा आलं... आणि गेलं. उचकी नाही.