वन्संची बडबड

"बडबडीला भिऊ नका. हातातलं काम सुटलं, तर मात्र भ्या," दवाखान्यातल्या नर्सबाई गोळ्या हातात देताना म्हणाल्या होत्या. सुनेने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. ओली बाळंतीण ती. घरात कुणी भिंतीशी भांडतं, याचीच तिला धास्ती.

भांडायच्या त्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. दुखणं जुनं, स्किझोफ्रेनियाचं. कानात कुणीतरी सतत टोचून बोलायचं आणि वन्सं त्याला उलट उत्तरं द्यायच्या. तोंडाचा पट्टा चालू, पण हात बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालण्यात, कोपऱ्याला कोपरा. "तुला काय करायचंय? माझं मी बघीन," असं त्या हवेला सुनावायच्या आणि बाळ त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायचं. एके सकाळी ते खुदकन हसलं. पहिलंवहिलं हसू, आणि आईकडे बघून नव्हेच.

सुनेला ते झोंबलं. त्यात सासूबाईंचं कौतुक, "आज माझ्या पोरीने आपणहून वेणी घातली हो." सुनेला स्वतःची वेणी घालायला सवड कधी मिळाली, ते कुणी विचारलं नाही.

"दमता तुम्ही वन्सं, राहू द्या," म्हणत तिने दुपट्यांची टोपली उचलली. पाळणाही आपल्या खोलीत नेला. पुढे डॉक्टरांनी वन्संची गोळी बदलली आणि बडबडही थांबली. घर खूश. कशी गुणी, शांत झाली, असं नवरा येईल-जाईल त्याला सांगू लागला. आता नुसतं बसण्याचंही कौतुक, सून मनातल्या मनात फणकारली.

मग एका दुपारी बाळ रांगत वन्संच्या खोलीत शिरलं. ती मागोमाग धावली. सकाळच्या चहावर साय धरलेली. वेणीचा गुंता. बाळ त्यांच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, ओठांना हात लावला, हसायच्या तयारीने वाट बघत राहिलं. ओठ हलले नाहीत.

ते हसू आपल्यासाठी नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. तरी ते यावं, असं वाटलं.

तिने टोपली आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "वन्सं, माझ्या घड्या वाकड्याच होतात बघा."

बऱ्याच वेळाने वन्संनी एका दुपट्याचा कोपरा धरला आणि हात तिथेच थांबला. दुसरा कोपरा सुनेने धरला. ती अजून धरून बसली आहे.

तुमच्या घरातही कुणी असं शांत, गुणी झालं असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि जरा आत डोकावून या. चहा घेतलाय का, तेवढं बघा.