बाद केलेली पुस्तकं

रुपाली मढवी डोंबिवली पूर्वेच्या लोकोदय वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागली तेव्हा सामाजिक शास्त्रांची खोली म्हणजे अडगळ होती. कथा-कादंबऱ्या पुढच्या हॉलमध्ये, मासिकं खिडकीपाशी आणि जे कुणालाच नको ते मागच्या खोलीत. कुणाच्या तरी सासऱ्यांच्या घरून टेम्पोने आलेली देणगी, निम्म्या दुरुस्त्या व्हायच्या आधीची राज्यघटना, सोव्हिएत शेतीवरची गुळगुळीत पुस्तकं, कुटुंबनियोजनाच्या पुस्तिका. लोकसंख्येची पुस्तकं तर इतकी जुनी, की त्यांत डोंबिवली अजून गाव होतं.

तिने आधी काढायला सुरुवात केली. जीर्ण, कालबाह्य पुस्तकं बाद करण्याला या कामात निर्लेखन म्हणतात. देणगीदारांचे जावई फोन करून भांडायचे, "आमच्या पप्पांची आठवण आहे ती," म्हणायचे. रोज कोण भांडणार, म्हणून तिने समितीकडून एक साधा नियम मंजूर करून घेतला: पाच वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेलं नाही ते बाद करायचं की ठेवायचं, याचा विचार व्हावा.

मग तिने फळ्या भरल्या. घरकाम करणाऱ्या बायकांवरचं पुस्तक, खाडीतल्या भरावावरचं, भूसंपादनात गेलेल्या गावांवरचं, दिव्याच्या पाणीटंचाईवर एका संस्थेने काढलेला अहवाल. छोटे प्रकाशक, ठाण्यातली प्रदर्शनं, कल्याणच्या एका वकिलाने स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तिका. वर्षाचं अनुदान यायच्या आधी दोन-दोन महिने ती काय घ्यायचं याचा विचार करत असायची. हळूहळू लोक यायला लागले. घोडबंदर रोडच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी अक्षदा दिव्याला राहायची. ती दर शनिवारी यायची आणि विद्यार्थ्यांनाही आणायची. "ताई, हे मला ठाण्यात मिळत नाही," ती म्हणाली, तेव्हा रुपालीला दिवसभर काही खायची आठवण झाली नाही.

या खोलीत एक जुनं पुस्तक होतं. ठाणे जिल्ह्यातल्या जातीजमातींवरचं, कुणा साहेबाच्या इंग्रजी पुस्तकावरून मराठीत केलेलं. त्यात मिठागरावरच्या लोकांवर एक प्रकरण होतं. हे लोक आळशी, दारूबाज, बुद्धीने मंद. यांच्या बायका भांडकुदळ. यांना उद्याची फिकीर नसते. रुपालीचे वडील गोविंदा मढवी यांनी अर्धं आयुष्य मिठागरावर काढलं होतं. पायांना पडलेल्या भेगा त्यांना म्हातारपणीही सोडत नव्हत्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी रुपालीने ते प्रकरण वाचलं, पुस्तक मिटलं आणि परत फळीवर ठेवलं. ग्रंथालयात नावडतं पुस्तकही असायला हवं, असं ती शिकली होती आणि ते तिला पटलंही होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या फळीला वाळवी लागली. पुस्तकाची पाठ भुग्यासारखी हातात आली. कितीतरी वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं, मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत त्याच्या चांगल्या प्रती होत्या. तिने ते बाद करायच्या गठ्ठ्यात टाकलं. टाकताना बरं वाटलं, तेही तिने स्वतःपासून लपवलं नाही. पण नुसतं त्यासाठी तिने ते काढलं नव्हतं.

समितीचे अध्यक्ष खांबेटे सर गठ्ठा बघायला आले. राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, फडके रोडला राहणारे. रुपालीला त्यांनीच निवडलं होतं. त्यांनी नेमकं तेच पुस्तक उचललं.

"हे का काढलंस?"

"वाळवी लागलीय, सर. कुणी नेतही नाही."

"वाळवी बाकीच्यांनाही लागलीय. ती तू बाइंडिंगला पाठवलीस."

"त्यांची पानं शाबूत आहेत. याची नाहीत, बघा ना."

सरांनी पानं बघितली नाहीत. "रुपाली, यात तुझ्या समाजाविषयी वाईट लिहिलंय, ते मला ठाऊक आहे. पण ग्रंथपालाला जात नसावी."

"पुस्तकाला आहे, सर."

सरांचा चेहरा बदलला. ते पुस्तक काखेत मारून निघून गेले. आपण बोलायला नको होतं, असं तिला वाटलं, पण संध्याकाळपर्यंतच.

त्या आठवड्यात एका स्थानिक साप्ताहिकात सरांचा लेख आला. नाव घेतलं नव्हतं, पण डोंबिवलीत ओळखायला नाव लागत नाही. अस्मितेपोटी इतिहास कचऱ्यात जातो आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. लेखाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. ठाकुर्लीपर्यंत पोचेपर्यंत रुपालीने पुस्तक फाडलं होतं, आणि कल्याणला पोचेपर्यंत जाळलं होतं.

सोमवारी नाथा गायकर वाचनालयात आला. गावच्या जमिनीवर टॉवर उभे करून मोठा झालेला, पूर्वी एकदा नगरसेवक असलेला माणूस. सोबत वीसेक जण, शाल, नारळ आणि मोबाइल धरलेला एक फोटोवाला.

"कंची गो आमची पोर?" तो दारातूनच म्हणाला. "बरा केलास! आपल्या लोकांना शिव्या घालनारा पुस्तक फारून टाकलास!"

"काका, मी फाडलं नाही. ते खराब झालं होतं. नियमाप्रमाणे—"

"कशाला घाबरतंस? आम्ही हाव ना."

"मी घाबरत नाही. ऐका तरी."

पण शाल खांद्यावर पडली होती. लोक टाळ्या वाजवत होते, वाचकांनी वर्तमानपत्रं खाली केली होती. फोटोत रुपालीचं तोंड उघडं आलं. ती नाही म्हणत होती. फोटोत ते हसल्यासारखं दिसलं.

शनिवारी अक्षदा एकटीच आली.

"ताई, तुम्हीपण?"

"अगं, तू तरी मला विचार काय झालं ते."

"फोटो बघितला ना मी," अक्षदा म्हणाली. तिने घेतलेलं पुस्तक परत केलं, नवीन नेलं नाही.

घरी गोविंदांनी शाल हातात घेऊन कापड चाचपलं. सगळा प्रकार ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पुस्तकान काय लिवलंय आमच्यावर?" रुपालीने सांगितलं नाही. म्हणाली, "काही नाही, बाबा. जुनं आहे."

दोन दिवस विचार करून ती खांबेटे सरांकडे गेली. पुस्तक परत द्या, म्हणाली. मी स्वतः बांधून घेते. ते फळीवर ठेवू आणि शेजारी मिठागरांवरची आपल्याच माणसांनी लिहिलेली दोन पुस्तकं ठेवू. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू देत. सरांनी चहा दिला, पुस्तक दिलं नाही. समितीपुढे ठेवू, म्हणाले. ही गोष्ट कुणीतरी नाथाच्या कानावर घातली. त्याचा फोन आला.

"त्या परत ठेवाचा होता, त मंग शाल कशाला घेतलीस?"

"मी मागितली नव्हती, काका."

"आपलीच मानसा उलटतान," नाथा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

समितीची बैठक झाली तेव्हा नाथा आणि सर शेजारी शेजारी बसले होते. रुपालीला वाटलं होतं, आज भांडण होणार. भांडण झालं नाही, कारण आधीच सगळं ठरलं होतं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी नाथा आपल्या आईच्या नावाने एसी अभ्यासिका बांधून देणार होता. सर अध्यक्ष राहणार होते. ते पुस्तक 'दुर्मीळ ग्रंथ' म्हणून सुरक्षिततेसाठी सरांच्या घरी राहणार होतं. नाथाला ते फळीवर नको होतं, सरांना ते वाचवल्याचं समाधान हवं होतं. दोघांचंही झालं. अभ्यासिकेला फक्त जागा हवी होती. ती मागच्या खोलीत होती.

"आणि पुस्तकं?" रुपालीने विचारलं.

"जी कुणी नेत नाही ती बाद करू," सर म्हणाले. "उरलेली हॉलमध्ये एका कपाटात मावतील."

"सर, ही पुस्तकं लोक घरी नेत नाहीत. इथे बसून वाचतात, टिपणं काढतात. त्याची नोंद होत नाही. नियम विचार करा म्हणतो, सरसकट काढा म्हणत नाही."

"नियम तुझाच आहे ना, रुपाली?"

ती नाथाकडे वळली. "काका, तुम्ही एकदा खोलीत येऊन बघा. आपल्या गावांच्या जमिनी कशा गेल्या, ते लिहिलंय त्यात. आपल्या लोकांवरची एवढी पुस्तकं दुसरीकडे कुठेच नाहीत."

नाथाला राग आला नाही. त्याने मनगटावरचं कडं फिरवलं. "आता आपल्या पोरी कलेक्टर होतील गो, या वाचून काय करतान?"

रुपालीने लेखी हरकत दिली. त्या हरकतीवर चर्चा झाली नाही. कॉलेजांना, संस्थांना तिने फोन केले, पुस्तकं न्या म्हणून. जागा नाही, सगळे म्हणाले. अक्षदाने फोन उचलला नाही. शेवटी रद्दीवाला आला. दिव्याच्या पाण्याचा अहवाल, वकिलाची पुस्तिका, घरकामवाल्या बायका, खाडी, सगळं त्याने एकाच सुतळीने बांधलं. जेवणाच्या सुट्टीत तिने तीन पुस्तकं पिशवीत टाकली. मग अध्यक्षांची परवानगी नाही हे आठवून एक परत काढलं, आणि मग तेही पुन्हा पिशवीत टाकलं.

अभ्यासिका छान झाली. गार असते. मुलं स्वतःच्या बॅगेतून गाइड काढतात, इअरफोन लावतात, संध्याकाळी उठून जातात. वाचनालयाचं पुस्तक कुणी मागत नाही. रुपाली त्यांना खुर्चीचे क्रमांक देते आणि मोठ्याने बोलणाऱ्याला गप्प करते. नोकरी सोडायचं तिच्या मनात आलं होतं, पण गोविंदांचं दुखणं, मुलाचं कॉलेज.

या वर्षी अनुदान आलं तेव्हा सरांनी विचारलं, "सामाजिक शास्त्रांसाठी काय घ्यायचं?"

तिने पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. स्पर्धा परीक्षांची, जी खपतात ती सगळी पाठवा, म्हणाली. ऑर्डर द्यायला तिला पाच मिनिटं लागली. फोन ठेवून ती परत दारापाशी येऊन बसली. कुणीतरी एसी वाढवा म्हणत होतं.